उंबऱ्याबाहेरची नेल

शेजारी सुट्टीला येऊन गेलेल्या मिसेस थॉर्लींचं पत्र गेल्या ऑगस्टपासून इद्वलच्या जाड शब्दकोशात पडून होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं नव्हतं. त्याने दिलंच नव्हतं. पत्र तसं साधं होतं, त्याच्या कुत्रीबद्दल. 'तुमची नेल दोन्ही आठवडे आमच्याच पलंगावर झोपली. तिचे मागचे पाय दुखत असावेत. हिवाळ्यात तुम्हाला तिचं करणं जड जाणार असेल, तर आम्ही तिला आनंदाने आमच्या घरी श्रूजबरीला नेऊ.' त्यातलं 'आमच्याच पलंगावर' इद्वलला पाठ झालं होतं.

आज शनिवार. सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरांतले पाहुणे शनिवारीच बदलतात. जुने सकाळी गेले होते, थॉर्ली दुपारी यायचे होते. वीस पावलांवरच्या शेजारच्या घरात इद्वलची बहीण मेना चादरी बदलत होती. घर तिचं. मागे डोंगर, समोर समुद्र आणि दारावर पाटी : कुत्र्यांचं स्वागत आहे. तिने पाण्याचं भांडं भरलं, चिखलाचे पाय पुसायला जुने टॉवेल टांगले, बरणीत बिस्किटं ओतली.

"एवढी बडदास्त," इद्वल दारातूनच म्हणाला. "बाबांनी बघितलं असतं तर?"

"तर मलाही गोठ्यात झोपवलं असतं." मेनाने उशी थोपटली. "पत्राचं उत्तर दिलंस?"

"विचार करतोय."

"अकरा महिने? एवढ्यात कोकराची मेंढी होते, इद्वल." ती थांबली. "अकरा वर्षं कुत्रीला पत्र्याच्या शेडमध्ये झोपवलंस, आणि आता त्या बाईच्या गादीवर जळतोस."

मेंढ्या राखणारी कुत्री घरात घ्यायची नाही, हा बाबांचा नियम, तोच त्याचा. नेल पिल्लू असताना तिने एकदा उंबऱ्यावरून एक पाय आत टाकला होता. त्याने टोपी जमिनीवर आपटून आवाज चढवला होता. एकदाच. गेल्या हिवाळ्यात पाणी गोठायला लागलं, तेव्हा त्यानेच दार उघडलं, शेगडीजवळ मटणाची बशी ठेवली आणि तिला हाक मारली. नेल उंबऱ्यापर्यंत आली. तिने बशीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि शेडमध्ये परत गेली. जगातला कुठलाही उंबरा ती ओलांडायची. त्याचा तेवढा नाही.

गाडी वळणावरून आत आली. भिंतीशी पडलेली नेल उठली आणि तसल्या दुखऱ्या पायांनी धावत सुटली. इद्वलने काही ठरवलं नव्हतं. दोन बोटं आपसूक तोंडात गेली. एक लांब शिट्टी.

नेल रस्त्याच्या मधोमध पोट टेकून बसली.

मिसेस थॉर्ली गाडीतून उतरून तिथेच गुडघ्यांवर बसल्या, हात पसरून. "नेल, ये. ये ना, बाळ."

नेलचे डोळे त्यांच्यावर होते, कान इद्वलकडे. ती हलली नाही.

"बरं नाही का हिला?" त्यांनी इद्वलला विचारलं. ऐन वेळी त्याला इंग्रजी शब्द सापडत नसत.

"ठणठणीत आहे," मेना खिडकीतून म्हणाली. "त्याने बसवलीय. तो सांगेपर्यंत ती उठायची नाही." मग आपल्या भाषेत, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "घे, जिंकलास. बघ पोटभर."

समुद्रावरून भुरभुर पाऊस आला. नेलच्या पाठीवर थेंब जमले. तिचा मागचा डावा पाय थरथरायला लागला, तरी ती तशीच बसून राहिली. तिचं हेच बसणं बघून मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या एका स्पर्धेत परीक्षकाने उठून इद्वलचा हात हातात घेतला होता.

"पुरे," तो म्हणाला. काम संपल्यावर म्हणायचा तो शब्द.

नेल लंगडत थेट त्याच्याकडे आली आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर बसली. इद्वलने दार सताड उघडलं. शेगडी पेटलेली होती. तो आत जाऊन उभा राहिला, वाट बघत. थॉर्लींच्या सगळ्या बॅगा आत जाईपर्यंत तो उभा होता. नेल बाहेर दगडावर भिजत होती.

"जा," तो शेवटी म्हणाला.

तिने एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून खात्री केली आणि गेली. शेजारच्या घरात ती टॉवेलसाठीही थांबली नाही. चिखलाच्या पायांनी तशीच आत.

त्याने चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं : 'उशिराबद्दल माफ करा. जाताना नेलला घेऊन जा. डाव्या पायाला ऊब लागते. हाडं देऊ नका, दात राहिलेले नाहीत.' खाली सही केली. शिट्टीबद्दल त्याने काही लिहिलं नाही. पाकिटावर शेजारच्याच घराचा पत्ता घातला आणि तिकीट चिकटवलं.

मेना दारात पायपुसणं झटकत होती. तिने पाकीट पाहिलं. "वीस पावलांसाठी पोस्ट?"

"हो."

"हातात दे की त्यांच्या."

तो नकारार्थी मान हलवून पुढे निघाला. टपालपेटी दगडी भिंतीत बसवलेली होती, आणि तिथे जायची वाट थॉर्लींच्या खिडकीवरून होती. आत सोफ्यावर नेल पसरली होती. त्याची पावलं ओळखून तिचे कान उभे राहिले. इद्वलने ओठ घट्ट मिटले. पेटी येईपर्यंत ते तसेच मिटलेले होते. मग त्याने पाकीट आत सोडलं.