गुन्हेगाराचा घास

यॉर्कशायरमधला जुना मठ पाहून घरी परतल्यावर रॉडनी चहाच्या टेबलावर भलताच रंगात आला. “मध्ययुगातला न्याय बघा! संशयिताच्या तोंडात पाव-चीजचा कोरडा घास कोंबायचे. गिळला तर निर्दोष, अडकला तर गुन्हेगार!”

लगेच घरातच खटला उभा राहिला. रॉडनीच्या बायकोने आणि मुलीने हसत हसत घास गिळला. त्याची आई म्युरिएल मात्र आपली बशी हळूच दूर सारू लागली.

“आई, आता तुझी पाळी. बिस्किटं कोण पळवतं ते कळू दे!”

नको म्हणावं, तर का म्हणून विचारतील. तिने जीव मुठीत धरून घास तोंडात टाकला. तो घशातच अडकला. खोकून खोकून तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

“आजी चोर!” नात टाळ्या पिटत ओरडली. “बोल, काय लपवलंयस?”

 

“घशातली गाठ,” म्युरिएल कशीबशी म्हणाली.