पवनचक्कीची जागा

खिंडीतला वारा असा, की वर कुणी शिंकलं तर शिंक आधी खालच्या गावात पोचायची आणि मागून माणूस. इंजिनिअर भाचीने वर्षभर तिथे खांब रोवून तो वारा मोजला आणि 'पवनचक्की इथेच उभारावी' असं लिहून दिलं. तिचे मामा खालच्या दवाखान्यात डॉक्टर. वीज गेली की बिचारे तोंडात बॅटरी धरून टाके घालायचे, आणि वीज तर रोजच जायची.

जागा पक्की करायला मोठे साहेब आले. त्यांनी गाडीतून एक पाय बाहेर टाकला, दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं आणि तसेच आत जाऊन बसले.

"छे छे, ही जागा नको. दुसरी दाखवा."

पुढच्या तीन टेकड्या त्यांनी काचही खाली न करता नापास केल्या. शेवटी गोदामामागच्या खोलगट जागेत मात्र ते उतरले आणि कमरेवर हात ठेवून चांगली दहा मिनिटं उभे राहिले.

"याला म्हणतात जागा! लागा कामाला."

उद्घाटनाच्या दिवशी पवनचक्कीचं एक पातं हलेल तर शपथ. साहेबांनी तिच्यासमोर हसतमुखाने चाळीस फोटो काढून घेतले.

"म्हणजे मी अजून बॅटरीच चावत बसायचं?" मामा भाचीवर उखडले. "अगं, एवढी खिंड सोडून या खड्ड्यात का उभारलीत?"



"खिंडीत साहेबांचा विग टिकत नव्हता, मामा."