शेवटी येईल त्याचं खोपटं

ओइवा दलदलीत पोटावर पडून खोपट्याच्या धुराड्याकडे बघत होता. धुराड्यातून धूर येत नव्हता. म्हणजे उर्पो अजून आत गेला नव्हता, आणि उर्पो आत गेल्याशिवाय ओइवाला आत जायचं नव्हतं. पाऊस पडत होता. डासांना पावसाचं काहीच वाटत नव्हतं.

तळ्याकाठचं ते लाकडी खोपटं कुणाच्या मालकीचं नव्हतं. इनारी गावाच्या वरच्या रानात अशी खोपटी आहेत. कुलूप नाही, भाडं नाही, नियम एकच: शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. आधी आलेल्यांनी अंग शेकून घेतलेलं असतं. जागा पुरत नसेल तर त्यांनी उठायचं आणि मुकाट्याने बाहेर पडायचं. या खोपट्यात झोपायच्या फळ्या दोनच होत्या. नियम करणारा बिचारा भला माणूस असावा. त्याला मेहुणा नसावा.

ओइवाला होता. गेल्या जुलैत ओइवा इथे मासे धरायला आला. शेगडी पेटवली, ट्राउट भाजला, मोजे वाळत घातले, आणि डोळा लागणार तोच दार उघडलं. दारात उर्पो, बायकोचा सख्खा भाऊ, आणि मागे त्याची बायको साइमी. "दाजी, वाईट वाटून घेऊ नका," उर्पो म्हणाला होता, "पण आम्ही शेवटी आलो." ओइवाने ती रात्र पावसात, तंबूत काढली. सकाळी उर्पो तळ्यावरून हातभर मासा मिरवत आला. पुढे वर्षभर गावातल्या पेट्रोल पंपावर, कॉफीच्या टेबलाशी, तो ही हकीकत सांगत राहिला. मोज्यांसकट. ऐकणारे दर खेपेला नव्याने हसत. ओइवाने पंपावर जाणं सोडलं. पेट्रोल भरायला तो पार पुढच्या गावी जाऊ लागला आणि त्यातलं निम्मं परत येताना जाळू लागला. हिवाळाभर अंधारात बसून त्याने एकच चित्र रंगवलं: बाहेर पाऊस, आणि पावसात उर्पो.

आज सकाळी उर्पोची गाडी टपावर होडी बांधून उत्तरेकडे निघालेली दिसली, तसा तो बायकोला घेऊन मागोमाग निघाला. रस्ता संपायच्या जरा अलीकडे त्याने आपली गाडी झाडीत घातली.

"तू इथेच थांब," तो बायकोला म्हणाला. "त्याला बाहेर काढला की तुला न्यायला येतो."

"आणि तोवर मी काय करू?" लेम्पीने विचारलं.

"थर्मासमध्ये कॉफी आहे."

लेम्पीने थर्मास हलवून पाहिला. रिकामा होता. ओइवा तोवर वाटेला लागला होता.

आता त्याच्या मागे कुणीतरी खोकलं. पलीकडच्या बर्चच्या झाडाखाली, डोक्याला डासांची जाळी गुंडाळून, उर्पो तसाच पोटावर पडला होता.

"दाजी, भिजताय कशाला? आत जाऊन बसा की."

"तू जा. तू धाकटा. थंडी बाधेल."

"छे. बहिणीच्या नवऱ्याआधी मी कसा जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काय म्हणायचं ते तूच पंपावर बसून ठरवतोस."

"मोजे तरी नवे घेतलेत ना?"

ओइवाने मानेवरचा डास मारला. "साइमी कुठाय?"

"गाडीत बसवून आलोय. तुम्ही मागून येणार हे ठाऊक होतं मला."

बराच वेळ असा एकमेकांना मान देण्यात गेला. मग गारा पडू लागल्या आणि तह झाला: दोघांनी एकदमच आत जायचं. दार अरुंद होतं. दोघं खांद्याला खांदा लावून त्यात अडकले, आणि कुणाचा पाय आधी आत पडला यावर त्यांच्यात आजतागायत एकमत नाही.

शेगडी पेटली. कपडे दोरीवर गेले. दोघं बनियन-चड्डीवर, एकमेकांकडे पाठ करून, आपापल्या फळीवर आपापलं सॉसेज खात बसले. सूड अर्धवट राहिला हे ओइवाला कबूल नव्हतं. उर्पोला झोप लागली की हळूच बाहेर जायचं आणि परत यायचं, म्हणजे आपणच शेवटचे, असं त्याने ठरवलं. उर्पोही डोळे मिटून, कान टवकारून पडला होता.

तेवढ्यात दार उघडलं. लेम्पी आणि साइमी, दोघी ठिबकत उभ्या होत्या. या नणंद-भावजयीचं कधी कशावर एकमत झालेलं घरच्यांनी पाहिलं नव्हतं.

"फळ्या दोन," लेम्पी म्हणाली. "आम्ही दोघी."

"मी तुला न्यायलाच निघालो होतो," ओइवा म्हणाला.

"पँट न घालता?"

"ताई, अगं बाहेर गारा पडतायत," उर्पो म्हणाला.

"गेल्या वर्षीही पाऊसच होता. ह्याच्या गोष्टीत हा एकटाच भिजतो. तुझ्या गोष्टीतही हाच भिजतो. त्या तंबूत मीही होते, उर्पो."

"आणि तो हातभर मासा मी धरला होता," साइमी म्हणाली. तिने दोरीवरचे कपडे काढून ज्याचे त्याच्या हातात दिले. अजून ओलेच होते.

ओइवा दारापर्यंत जाऊन वळला. त्याला एकच आशा दिसत होती. "पण तुम्ही आत्ताच आलात कशावरून?" तो म्हणाला. "गाडीपासून इथवर यायला एवढा वेळ लागत नाही."

"नाहीच लागत," साइमी बूट काढत म्हणाली. "वन्सं नि मी दुपारपासून मागच्या टेकाडावर बसलोय. तुम्ही दोघं एकदाचे आत कधी जाता, त्याचीच वाट बघत होतो."