सिदू जासूद घरी येतो

नारायणगावला सिदू जासुदाच्या कादंबरीवरचा सिनेमा पाहून आल्यापासून बायांच्या तोंडाला खळ नव्हता. पिंपळवंडीत कांदा साठवायच्या बराखीपुढे बसून तो निवडता निवडता सिनेमातल्या सिदूची नुसती चिरफाड चालली होती.

"पुस्तकातला सिदू काळा व्हता. ह्यो तर पार दुधात न्हाल्यागत," एक म्हणाली.

"आन् खलिता पोचवायचा सोडून नाणेघाटात नाचत काय बसला?" हर्षालीने विचारलं, तशा सगळ्या हसल्या.

लंकाबाई तेवढी हसली नाही. "नाचू द्या. पर शेवटाला त्याला मारला कशापायी? बाई, तुमच्या पुस्तकात तर घरी येतो की त्यो."

अंजनाबाईंनी चष्मा काढून पुसला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात निवडणीला बसलेल्या बायांना त्या ही एकच कादंबरी वाचून दाखवत. पहिल्या साली शेवटाशी आल्या तेव्हा लंकाबाईचा मोहित जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. हायवेच्या कडेला एकटाच पडलेला सापडला होता पोरगा. तिच्यासमोर अंजनाबाईंच्या तोंडून मेलेला सिदू काही निघेना. त्यांनी मनानेच त्याला घाट उतरवला आणि घरी आणला. मग काय, दरसाल आणावा लागला. नऊ वर्षं एकच खोटं ओढायचं म्हणजे बैलालाही धाप लागावी, आणि अंजनाबाई तर साठी उलटलेल्या. सिनेमाने आयतीच सुटका केली होती.

"लंकाबाई, सिनेमा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तकातही तो घाटातच मरतो. घरी मीच आणत होते."

हर्षालीचा हात थांबला. लंकाबाईचा थांबला नाही. सडका बाजूला, चांगला पाटीत. पाटी भरत आली तशी ती म्हणाली, "असू द्या. तुमी काय वाईटासाठी केलं न्हाई."

अंजनाबाईंना खरोखरच हलकं वाटलं. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही सांगितलं, असंही वाटून गेलं.

"येक सांगा बाई," लंकाबाईने मान वर केली. "मरताना त्याच्याजवळ कोण व्हतं? सिनेमात तर कुणीच न्हाई दावलं."

पुस्तकातही कुणी नव्हतं. चार ओळी होत्या. त्यात एक दगड होता, वारा होता आणि सिदू.

"त्याची आई होती," अंजनाबाई म्हणाल्या.

लंकाबाईने पाटी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि जवळ सरकून बसली.

"मग वाचा की. ह्या बारीला खरं हाय तसं वाचा."

अंजनाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटचं पान उघडलं, आणि दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून त्या वाचू लागल्या.