गळ्याचे टाके

फोटोतल्या माणसाला इंदिराबाईंनी चष्मा न लावताही ओळखलं.

"हा अभिजीत. याच्यासाठी स्वेटर विणायचाय, काकू," सिद्धी म्हणाली. "लग्नाआधी पुरा होईल ना?"

"सरी, बरं. होईल की," म्हणत त्यांनी फोन परत दिला.

राजाजीनगरातल्या इंदिराबाईंच्या घरी दुपारच्या चार-दोन बायका विणकाम शिकायला येत. सिद्धी पुण्याची, शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला नोकरीला. ती शनिवारी एकटीच यायची. एवढ्या ट्रॅफिकमधून ही पोरगी इतक्या लांब का येते, याचं त्यांना नवल वाटलं होतं. आता वाटलं, हिला देवानेच धाडली.

अभिजीत त्यांचा जावई होता. त्याने तिचं मनगट मोडलं तेव्हा त्यांची मुलगी अमृता माहेरी परतली. घटस्फोट झाला, आणि त्याच्या घरच्यांनी चारचौघांत तिलाच वेडी ठरवलं. अमृता आता येलहंकाला एकटी राहायची. उजव्या हाताने तिला विणायची सुई धरवत नसे.

इंदिराबाईंनी सिद्धीला मन लावून शिकवलं. टाके कसे घालायचे, सुलट कसा, उलट कसा, पाठ कुठवर विणून बगलेपाशी टाके घटवायचे. सिद्धीचा हात चांगला होता. गळ्यापाशी आल्यावर मात्र त्यांनी तिला बारीक सुया दिल्या आणि टाके घट्ट ओढून बंद करायला लावले.

"थोडा सैल नको का, काकू? डोकं जाईल यातून?"

"जातं. लोकर स्वल्प सैलावतेच."

ती सैलावणार नव्हती. भरल्या घरात त्याचं डोकं त्या गळ्यात अडकेल, दोन्ही हात वर, तोंड झाकलेलं, आणि सगळे हसतील. भाजी चिरताना इंदिराबाई हे चित्र डोळ्यांपुढे आणत आणि त्यांना बरं वाटे. त्या हसण्याचा राग मग तो कुणावर काढेल, हेही एकदा मनात आलं. त्यांनी विळी धुऊन ठेवली आणि दुसरं काम काढलं.

विणता विणता सिद्धी काहीबाही विचारायची. तुमची मुलगी कुठे असते, जावई कसे आहेत, लग्नाआधी माणूस ओळखायचा कसा. मुलगी सुखात आहे, एवढं सांगून इंदिराबाई विषय बदलत. एका शनिवारी तर तिने सुया मांडीवर ठेवल्या.

"काकू, तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

इंदिराबाईंनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

"आधी बाह्या जोडून घे," त्या म्हणाल्या.

स्वेटर पुरा झाला. सिद्धी तो घेऊन गेली आणि मग बरेच दिवस आली नाही. इंदिराबाई बातमीची वाट बघत होत्या.

ती आली एका सकाळी, पेढ्यांचा पुडा घेऊन. गळ्यात नवं मंगळसूत्र होतं. वाकून नमस्कार करून ती त्यांच्याजवळ बसली. लग्न काल अगदी घरच्या घरी केलं, स्वेटर अजून घडीतच आहे, म्हणाली. मग तिने त्यांचा हात हातात घेतला.

"अभिजीत तुमचा जावई होता, हे मला ठाऊक होतं, काकू. लोक त्याच्याबद्दल वाईट बोलायचे, मला भीती वाटायची, म्हणून मुद्दाम तुमच्याकडे येत राहिले. त्यात खरं काही असतं तर तुम्ही मला सांगितल्याशिवाय राहिला नसता, म्हणूनच मी होकार दिला."