सीटखालची कळ

"अजून आत सरकव. हाताला सापडली पायजे, डोळ्याला न्हाई," काकासाहेब म्हणाले.

मोटारीच्या दारातून बदरोद्दीनचे फक्त पाय बाहेर दिसत होते. वाटूरचा हा लोहार कुलपं करी, बंदुका दुरुस्त करी, आणि काकासाहेबांनी मोटार घेतल्यापासून तिचंही दुखणंखुपणं पाही. आज तो पुढच्या सीटखाली एक पितळी कळ बसवत होता. ती दाबल्याशिवाय इंजिनाला वीज पोचणार नव्हती. मग किल्ली फिरवा, नाहीतर नवस बोला.

राजूरच्या गणपतीला निघायचं होतं. शिदोरीची टोपली, पाण्याची सुरई, झुंबरबाई, गोधडी, सगळं मागच्या सीटवर चढवून पडदा ओढून झाला होता. खोळंबा होता तो एवढ्या कळीपायी.

"कचरू, फाटकाबाहेर हो. गड्यांनाबी ने." अंगण रिकामं झालं. काकासाहेबांनी चौफेर नजर फिरवली. "आता दाव."

बदरोद्दीननं त्यांचा हात धरून सीटखाली नेला. खट्.

"दोघांतच राह्यलं पायजे हे, बदरू."

"बिलकुल. पन सायेब, एवढी राखण सरकार खजिन्याचीबी करत नसंल."

"खजिना पळत न्हाई. मोटार पळती."

दोघं हसले. एकाच विहिरीत पोहायला शिकलेली ही जोडी. 'सायेब' हे चारचौघांतलं. एकटे असले की बदरोद्दीन त्यांना 'काका' म्हणे, आणि अरेतुरे करी. पण आज हातात त्यांचं काम होतं, म्हणून एकांतातही सायेब.

कळीच्या आधी चाकांतून साखळी आली होती, साखळीला बदरोद्दीनच्या हातचं कुलूप. सगळ्या किल्ल्या देवघरात, रेणुकाईच्या टाकामागं. चोर काय आंघोळ करून येतो? एवढं करूनही जिवाला घोर होताच. रस्त्यावर कुणी पळवील म्हणून काकासाहेब परतूरच्या बाजाराला बैलगाडीनंच जात.

"बैल पळवले तर चालतंय वाटतं," राखणदार कचरू फाटकापाशी पुटपुटे.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल चिठ्ठीवर मिळे. एकदा बाजाराहून आल्यावर काकासाहेबांनी टाकीत काडी बुडवली, तर पेट्रोल उतरलेलं. पुढच्या बाजारीही तेच. साखळी जागेवर, कुलूप जागेवर, आणि इंजिनावरचं झाकण हाताला कोमट.

"देवाशपथ, मोटार फाटकाबाहेर गेली न्हाई," कचरू म्हणाला. "अन् मागं तर आमराई. तिला भिंत हाय, वाट कुठंय?"

मग एकदा मागच्या सीटवरची गोधडी पुढं सापडली. चौघडी घातलेली, बुटक्या माणसानं बसायला घ्यावी तशी.

काकासाहेब ताडमाड. बदरोद्दीन बुटका. मोटार हाकणारा गावात तिसरा नव्हता, आणि कळ ठाऊक असणाराही नव्हता. राहिलं कुलूप. तर ज्यानं ते घडवलं, त्याला दुसरी किल्ली घडवणं काय अवघड?

"बदरूभाई असं करायचे न्हाईत," झुंबरबाई नवऱ्याला वाढता वाढता म्हणाल्या.

"मोटारीतलं तुला काय कळतंय?"

झुंबरबाई काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी भाकरी वाढली.

बदरोद्दीनला अंगणात बोलावलं, गड्यांसमोरच. त्यानं सगळं ऐकून घेतलं, काडीकडं पाहिलं.

"काका, तू बोलून राह्यलास का दुसरं कोन?"

"कळ दोघांनाच ठाऊक हाय."

"त्यातले एक तुम्ही. मंग दुसरा म्याच. हिशेब बराबर हाय, सायेब."

आठवड्याच्या आत तो म्हाताऱ्या आईला, रहिमाबीला, घेऊन हैदराबादकडं निघून गेला. भात्यावर दगड ठेवून गेला.

त्यानंतर पेट्रोल उतरलं नाही. पुरावा पक्का झाला, आणि काकासाहेबांचं जेवण तेवढं उतरलं. लोहाराच्या ओसरीवरून जायचं ते टाळू लागले. मागितलं असतं तर अख्खी टाकी दिली असती, असं ते कचरूला सांगत. हैदराबादेला जाणाऱ्या प्रत्येकापाशी त्यांनी निरोप धाडला. उत्तर एकाचंही आलं नाही.

पोळा झाल्यावर एका सकाळी आंघोळीला उठलेले काकासाहेब जागच्या जागी कोसळले. उजवं अंग गेलं, जीभ गेली. कान तेवढे शाबूत होते.

"जालन्याच्या दवाखान्यात जल्दी न्या," वैद्य म्हणाले. "दुपार टळली तर माझ्या हातात काही न्हाई."

"बैलगाडीनं सांज होईल," कचरू रडकुंडीला आला. "आज बदरूभाई पायजे होते."

काकासाहेबांच्या एका डोळ्यातून पाणी ओघळलं. दुसरा मिटतच नव्हता.

"मोटारीत निजवा त्यांना," झुंबरबाई म्हणाल्या.

"बाईसायेब, पन हाकणार कोन?"

"निजवा म्हणते ना. फाटक उघड."

गड्यांनी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, पडदा ओढला. इकडं काकासाहेब कधी बसले नव्हते. पडद्याच्या फटीतून पुढची सीट इतकी लख्ख दिसते, हे त्यांना आज कळलं. चाकांतली साखळी खळखळत निघाली. बदरू आला, असंच त्यांना वाटलं.

पुढचं दार उघडलं. सीटवर गोधडीची चौघडी पडली, तिच्यावर झुंबरबाई बसल्या. त्यांनी पदर खोचला आणि समोर फाटकाकडं बघत, मान न वळवता, सीटखाली हात घातला.

खट्.