रिकाम्या पिंजऱ्यापुढची हजेरी

बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यावरून अंगणवाडीची नऊ लेकरं शहरात प्राणी पाहायला आणली होती. एखादं हरवू नये म्हणून प्रत्येक पिंजऱ्यापुढे मी हजेरी घेत होते.

एका रिकाम्या पिंजऱ्यापुढे मदतनीस बसंतीबाईनं माझा हात धरला. "बाई, इथं नावं नका घेऊ. रिकाम्या जागी लेकराले नावानं हाक मारत नाई आमच्यात."

"काहून? आत तुमची सासू बसली काय?" मी हसले आणि हाक मारली, "इंद्रजीत!"

"हजल, बाई!"

आवाज इंद्रजीतचाच, बोबडा. पण तो गजांच्या आतून आला. इंद्रजीत माझ्यापुढे तोंड उघडून उभा होता आणि त्याच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

आवाज घुमला असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि दुसरं नाव घेतलं. "जया!"

"हजर, बाई!" पुन्हा आतूनच. जया आपला गळा चाचपू लागली. इंद्रजीत रडत होता, पण त्या रडण्याला आवाज नव्हता.

मी गजांना धरलं. आत वाळका पालापाचोळा होता, बाकी काही नाही. तरी मी त्या पाचोळ्याला हात जोडले. "माझा आवाज घे. लेकरांचा परत दे."

मग आतून माझ्याच आवाजात हजेरीतलं पुढचं नाव लाडानं आलं, "प्रेम!"

"बोलू नको रे," असं सांगायला मी तोंड उघडलं. ओठ नुसतेच हलले.

मी शिकवलं होतं तसा, प्रेमनं 'हजर' म्हणायला हात वर केला.